समुद्रसपाटीपासून साठ मीटर उंच समुद्र

22 जुलै, लाँगइयरब्येन

व्हिसाचं काय, असं दोघा-तिघांनी आधीच विचारलं होतं म्हणून हे पहिल्यांदा सांगून टाकतो. स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या आर्क्टिक बेटांवर, भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही. 1920 च्या स्वालबार्ड करारावर ब्रिटिश हिंदुस्थानच्या वतीनेही सही झालेली आहे. पण तिथे जायचं नॉर्वेवरून आणि परतायचंही नॉर्वेवरूनच, त्यामुळे दोनदा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा खिशात हवाच. घराला कुलूप नाही, पण वाट शेजाऱ्याच्या ओसरीवरून, असा प्रकार. ट्रॉम्सोला विमानातून उतरवून पासपोर्ट तपासले आणि पुन्हा त्याच सीटवर आणून बसवलं.

गाव 78 अंश उत्तरेला. राहायच्या जागी दारातच बूट काढायचे. कोळशाच्या खाणीतली माणसं काळे बूट घरात आणायची नाहीत, ती पद्धत अजून चालू आहे. मला काही वेगळं वाटलं नाही. मोजे फाटके निघाले, एवढंच.

आमची तुकडी चौघांची. गटप्रमुख बाई नद्यांच्या अभ्यासक, वय साठीच्या आसपास. एक पोलिश पीएचडीवाला. एक नॉर्वेजियन वाटाड्या, ज्याचं मुख्य काम अस्वलावर नजर ठेवणं. आणि मी, जन्म हिंगणघाटचा, पोटापाण्याला सर्व्हेअर, दहा वर्षं रस्ते आणि कालवे मोजून झालेला. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. साठीच्या बाईंना नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. शेवटपर्यंत मी ‘एक्स्क्यूज मी’वरच भागवलं.

संध्याकाळी बाईंनी टेबलावर नकाशा पसरला. सासेनडालेन, एकास एक लाख. ‘डालेन’ म्हणजेच दरी आणि ‘एल्वा’ म्हणजे नदी, त्यामुळे ‘सासेनडालेन दरी’ म्हणणं म्हणजे आमच्या गावच्या वणेला ‘वणानदी नदी’ म्हणण्यासारखं. डोंगरांवर समोच्च रेषांची दाट जाळी, बघून जीव सुखावतो. पण दोन रेषांमध्ये पन्नास मीटरांचं अंतर. दरीचा तळ इतका सपाट की समुद्राची रेषा सोडली की पन्नासची रेषा यायला कित्येक किलोमीटर आत जावं लागतं. मधला भाग पांढरा, त्यातून निळ्या रंगाच्या वेण्या गेलेल्या. बाईंनी त्या पांढऱ्यावर बोट ठेवलं. “सगळं इथे घडतं. आणि नकाशात इथे काहीच नाही.”

आमचं काम त्या पांढऱ्यातलं. उपग्रहांच्या चित्रांवरून दरीचं उंचीचं मॉडेल तयार होतं, पण ते कितपत खरं, हे जमिनीवर पाय ठेवून तपासायचं. खुणेचे पक्के बिंदू मोजायचे आणि नदीचे आडवे छेद घ्यायचे, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत तळाच्या उंच्या.

23 जुलै

दिवस सामानात गेला. सिग्नल पिस्तूल कसं धरायचं, फ्लेअर अस्वलाच्या पुढ्यात कसा पडला पाहिजे, पाठीमागे का नाही (मागे फुटला तर ते घाबरून आपल्याकडेच पळत येईल). रायफल वाटाड्याच्या नावावर. ड्रोन घरी राहिला. दरीचा खालचा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे बंधनं कडक आहेत. म्हणजे मोजणीचा पोल खांद्यावर आणि पाय चिखलात, जुन्या पद्धतीने.

मी जवसाच्या चटणीची पुडी सामानात टाकली. वाटाड्याने वास घेतला आणि ती निमूटपणे हवाबंद डब्यात, अस्वलाला आवडू शकणाऱ्या पदार्थांत ठेवून दिली.

24 जुलै, फ्रेडहाइम

रबरी बोटीतून इसफ्योर्ड ओलांडत दोनेक तास. हाडं खिळखिळी. डाव्या हाताला टेंपलफ्येलेट येतो, आणि त्याला ‘देवळाचा डोंगर’ का म्हणतात ते विचारावं लागत नाही. आडवे थर आणि त्यांतून उतरलेल्या उभ्या घळी, हेमाडपंती मंदिराच्या भिंतीची आठवण व्हावी इतके रेखीव.

नदीच्या मुखापासून जवळच फ्रेडहाइम. हिल्मार न्योइस नावाच्या शिकाऱ्याचं घर, 1924 सालचं. लाकडी, दोन मजली, आणि अशा ठिकाणी की पहिल्यांदा बघताना कुणीतरी चहाला बोलावेल असं वाटतं. समुद्र किनारा खात खात घरापर्यंत यायला लागला, तेव्हा 2015 साली ते उचलून आत सरकवलं. स्वालबार्डमध्ये 1946 पूर्वीचं माणसाच्या हातचं जे काही असेल ते आपोआप संरक्षित, मग ते घर असो की गंजलेला खिळा. त्यामुळे आमचे तंबू त्यापासून बरेच लांब.

तंबूंभोवती तारेचं कुंपण. गुडघ्याएवढ्या उंचीवर एकच पातळ तार, तिला फटाके जोडलेले. अस्वलाचा पाय लागला की बार होतो. रात्री पहारा दोन-दोन तासांचा. ‘रात्री’ म्हणायचं ते घड्याळाकडे बघून. बारा वाजता सूर्य उत्तरेला, टेंपलफ्येलेटच्या अंगाला लागून, क्षितिजापासून आठेक अंशांवर होता आणि माझी सावली दक्षिणेला लांबच लांब पडली होती. उत्तरेच्या सूर्याने पडलेली सावली मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

संध्याकाळी बेस लावला, म्हणजे एका जागी पक्का बसवलेला उपग्रहांचा रिसीव्हर. खडक निवडताना बाई हटून बसल्या. मातीत ठोकलेली खुंटी इथे कामाची नाही. वरची मीटरभर माती उन्हाळ्यात वितळते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि खुंटीला दरवर्षी थोडं थोडं वर ढकलते. खाली कायमची गोठलेली जमीन. म्हणून मूळ खडकात बसवलेली खूणच हवी.

25 जुलै

आज अब्रू गेली.

सकाळपासून काम झकास चाललं होतं. मोबाइलला रेंज नाही, इंटरनेटवरून दुरुस्ती घेण्याचा प्रश्नच नाही. आपला बेस, आपला रेडिओ, आपला रोव्हर (पोलवरचा फिरता रिसीव्हर). बुडबुडा मध्यावर आणायचा, श्वास धरायचा, रीडिंग घ्यायचं. अडचण वरची आहे. जीपीएसच्या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी 55 अंशांनी कललेल्या, त्यामुळे इथे ते डोक्यावर कधी येतच नाहीत. साठ अंशांच्या वर आकाश मोकळं पडतं. आपल्याकडे तंबूच्या दोऱ्या चहूबाजूंनी आणि वरूनही ताणलेल्या असतात. इथे वरची दोरीच नाही. आडवं स्थान चांगलं मिळतं, उंची मात्र डगमगते. रशियन ग्लोनासच्या कक्षा जरा जास्त कललेल्या, त्यांची थोडी मदत होते. बाकी उपाय एकच, जास्त वेळ थांबणं. विषुववृत्तावर टांगलेले दुरुस्ती पाठवणारे उपग्रह तर इथून क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश वर. दरीत उतरलं की डोंगराआड.

नदीच्या मुखाशी कुररी पक्ष्यांची वसाहत. डोक्यावर चोच मारणाऱ्या या कुररीइतका नेमबाज पक्षी पाहिला नाही. ती नेहमी सगळ्यात उंच जागेवर हल्ला करते, हे पोलिश गड्याने सांगितलं आणि माझ्या पोलचा नवा उपयोग कळला. दोन मीटरांचा पोल डोक्याच्या वर धरला, चोची अँटेनावर पडत राहिल्या. त्या वेळची रीडिंग वहीत ‘पक्षी’ असा शेरा मारून ठेवली आहेत.

संध्याकाळी लॅपटॉपवर उंच्या काढल्या. भरतीच्या रेषेवर, पाण्यात बूट बुडवून घेतलेला बिंदू. उंची, समुद्रसपाटीपासून बासष्ट मीटर.

दोनदा काढली. बासष्टच. बाई मागून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चूक कुठे होती ते सांगतो, सर्व्हेवाल्यांना गंमत वाटेल. उपग्रह आपल्याला उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, इलिप्सॉइडपासून. समुद्रसपाटी त्या आकाराला चिकटून नसते, कुठे वर तर कुठे खाली असते. भारतात ती खाली आहे, सगळीकडे. जगातला सगळ्यात मोठा खळगा आपल्याच दक्षिणेला, हिंदी महासागरात. म्हणून भारतात काम करणाऱ्याच्या हाताला वळण असतं ते फरक मिळवायचं. स्वालबार्डला समुद्रसपाटी इलिप्सॉइडच्या वर आहे, तीसेक मीटर. इथे फरक वजा करायचा. मी दहा वर्षांच्या सवयीने मिळवला. एकतीस वजा करायच्या जागी एकतीस अधिक, झाले बासष्ट. सॉफ्टवेअरने आपणहून केलं असतं, पण मी शहाणपणाने आपलं जुनं एक्सेल शीट उघडलं होतं.

जेवायला पाकिटात गरम पाणी ओतून तयार होणारा मासा-बटाटा. चटणी मागायची हिंमत झाली नाही.

26 जुलै

दरीच्या पूर्व बाजूच्या पायऱ्या मोजायला निघालो. पायऱ्या म्हणजे नदीकाठावरून डोंगराकडे एकामागून एक चढत जाणारे सपाट कट्टे. वरच्या कट्ट्यांवर पाय ठेवला की गोट्यांचा खडखडाट होतो. गोल, घासलेले, समुद्रकिनाऱ्यावरचे असतात तसे.

साडेअकराच्या सुमारास बाई अचानक खाली बसल्या आणि ओंजळीत काहीतरी घेऊन माझ्याकडे आल्या. शिंपल्या. पांढऱ्याफटक, कडा झिजलेल्या, बोटाने दाबली तर भुगा होईल अशा. दोन मात्र अखंड होत्या, आतली चमक अजून शिल्लक. “इथली उंची घे,” म्हणाल्या. घेतली. वजाबाकी करून. एकसष्ट मीटर आणि वर काही सेंटीमीटर.

“कालचा तुझा आकडा बरोबरच होता,” त्या म्हणाल्या. “तू फक्त दहा हजार वर्षं उशिरा आलास.”

हिमयुगात बर्फाच्या भाराने ही जमीन दबली होती. बर्फ ओसरला तेव्हा समुद्र दरीत शिरला, आणि मग भार उतरलेली जमीन हळूहळू वर येत गेली. ज्या कट्ट्यावर आम्ही बसून कोरडी बिस्किटं आणि तपकिरी चीज खाल्लं तो एके काळचा समुद्रकिनारा. वर येणं अजून थांबलेलं नाही. बेटाच्या पश्चिमेला न्यूओलेसुंडमध्ये, जिथे 2008 पासून भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे, तिथली मोजमापं सांगतात की जमीन वर्षाला आठ मिलिमीटरांहून जास्त उचलली जाते. त्यात आताच्या हिमनद्या वितळल्याचाही वाटा आहे. मी उंची मिलिमीटरात लिहितो. म्हणजे नकाशा छापून येईपर्यंत शेवटचा आकडा शिळा.

दुपारी गाळात अस्वलाच्या पावलांची रांग दिसली. माझे दोन्ही पंजे पसरून ठेवले तर एका पावलात बसत होते. वाटाड्याने बघितलं, कडा वाळलेल्या आहेत म्हणाला आणि तरीही आमची वाट बदलली.

27 जुलै

धुकं. पाऊस. तंबू.

धुक्यात अस्वल दिसत नाही म्हणून बाहेर काम बंद. चौघे मोठ्या तंबूत, स्टोव्हभोवती. नाटकाच्या तालमीत पडदा बिघडला की नट गप्पा मारतात, तसं झालं. तिघांनी आपापल्या गावचं काही सांगितलं, माझी पाळी आली. मी लॅम्बटनची कबर सांगितली.

विल्यम लॅम्बटनने 1802 साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे न्यायला सुरुवात केली. कोन मोजायचा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, वाहायला डझनभर माणसं. वीस वर्षं तो त्रिकोण जोडत गेला. हैदराबादहून नागपूरला जाताना 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटला वारला, तिथेच पुरला. पुढचं काम एव्हरेस्टने नेलं, आणि शिखराला नावही त्याचंच मिळालं. लहानपणी शाळेतून घरी येताना आम्ही त्या कबरीजवळून जायचो. कुणी एक साहेब, एवढीच माहिती. तो काय मोजत होता ते मला कॉलेजात कळलं. रेखांशाच्या रेषेवर एक अंश नेमका किती लांब, हे. कारण पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असेल तर उत्तरेला अंश लांब भरला पाहिजे. विषुववृत्ताशी तो 110.6 किलोमीटर असतो, ध्रुवाशी 111.7.

बाई लगेच उठून बसल्या. कारण साखळीचं दुसरं टोक त्यांच्याकडे होतं. 1899 ते 1902 या काळात स्वीडिश आणि रशियन मोजणीदारांनी याच द्वीपसमूहावर तसाच एक चाप, म्हणजे रेखांशाच्या रेषेचा तुकडा, मोजला होता. उत्तरेकडून स्वीडिश, दक्षिणेकडून रशियन. शिखरांवर खुणा उभारायच्या आणि ढग हटायची वाट बघायची. रशियनांनी एक अख्खा हिवाळा हॉर्नसुंडला काढला. प्रश्न लॅम्बटनचाच, फक्त ऊन सोडून थंडी.

स्टोव्हवरचं पाणी उकळून गेलं तरी कुणाचं लक्ष नव्हतं. पोलिश गड्याने मग विचारलं, कबर नीट ठेवली आहे का. मी विषय बदलला.

28 जुलै

पहाटे दोनला उठलो. नदीला हिमनद्यांचं पाणी, आणि तिकडची वितळण उन्हावर चालते. दिवसभर चढतं, रात्री उशिरा ओसरायला लागतं. पहाटेच्या पाण्यात उतरता येतं, दुपारच्या पाण्यात उतरू नये.

वणेसारखी एका पात्रातून वाहणारी ही नदी नाही. दहा-बारा धारा, मध्ये वाळू-गोट्यांचे पट्टे, धारा सुटतात, मिळतात, पुन्हा सुटतात. गाळाचं पाणी इतकं राखाडी की घोट्यापुढे पाय दिसत नाही. कमरेपर्यंतचे रबरी बूट, छातीला दोरी, हातात पोल. एकेक पाऊल चाचपून टाकायचं, पोल टेकवायचा, आवाज येईपर्यंत थांबायचं, पुढे. एका छेदाला दोन तास.

चौथ्या छेदाच्या सहाव्या धारेत माझा डावा पाय गाळात गेला तो गुडघ्यापर्यंत. ओढला तर उजवाही गेला. पाणी मांडीला होतं, बुटात शिरलं. थंडी आधी कळतच नाही, भाजल्यासारखं वाटतं. काठावरून दोघांनी दोरी ताणली, मी पोल आडवा टाकून त्यावर पोटाने पडलो आणि म्हशीसारखा सरकत बाहेर आलो. वाटाड्याने आधी मला बघितलं, मग पोल. बाईंनी आधी पोल बघितला. कंट्रोलर चालू होता, मी पडलो ते रीडिंगसुद्धा त्याने जपून ठेवलंय. बाकीच्या तळापेक्षा नऊ सेंटीमीटर खोल.

कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग, साखरेचा चहा. वाटाड्याने न मागता चटणीचा डबा आणून दिला. मग सगळ्यांनीच खाल्ली. कोरड्या पावावर जवसाची चटणी आणि लोणी, हा मेनू यापुढच्या प्रत्येक न्याहारीला होता.

29 जुलै

बाईंनी आज प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक जुना फोटो काढला. 1936 आणि 1938 साली नॉर्वेजियन लोकांनी विमानातून तिरके फोटो घेत स्वालबार्ड पालथं घातलं होतं. पाच हजारांवर फोटो, नकाशे त्यांवरून काढले. त्यांतल्याच एकाची ही प्रत. आम्ही वरच्या कट्ट्यावर चढलो. विमानाची उंची कुठून आणणार, पण समोरच्या डोंगरकड्याची रेघ बोटाने माग काढत जुळवता येत होती. दात न् दात तोच. खालच्या तळात मात्र एकही धार जागेवर नाही. फोटोत जिथे मुख्य पात्र आहे तिथे आज रेनडिअर चरत होते. आखूड पायांचे, गुबगुबीत, आमच्याकडे ढुंकूनही न बघणारे.

नकाशातल्या त्या निळ्या वेण्या कुठल्या साली काढल्या असतील, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, साल विचारणारा सर्व्हेअर मला पहिल्यांदा भेटला. शाबासकी होती की टोमणा, कळलं नाही.

30 जुलै

शेवटचा दिवस तपासणीचा. पहिले बिंदू पुन्हा मोजायचे आणि फरक बघायचा. खडकावरची खूण पास, उंचीत चौदा मिलिमीटर. वरच्या आकाशातलं भोक लक्षात घेता मी खूश.

मग चौथा छेद. उजव्या काठाची खुंटी होती. नदी ओलांडून डाव्या काठाला आलो तर खुंटी नाही. मला वाटलं चुकलो. रोव्हरला बिंदूकडे न्यायला सांगितलं. तो म्हणाला पुढे, अजून पुढे, 2.3 मीटर. पुढे पाणी होतं. मी बघत असतानाच काठाचा एक ढेकूळ, वर शेवाळ आणि ध्रुवीय विलोची दोन-तीन पानं, सावकाश वाकला आणि राखाडी पाण्यात बसला. आवाज फारसा नाही. परवा मी ज्या गाळात अडकलो होतो ती धार आता त्या बाजूला सरकली होती, आणि माझा नऊ सेंटीमीटरचा खड्डा भरून वर गोट्यांचा पट्टा आला होता.

पोलिश गडी म्हणाला, हा छेद आता टाकून द्यावा लागेल. बाई म्हणाल्या, उलट, हाच ठेवायचा. पुन्हा मोज. मोजला. आता एकाच ठिकाणचे दोन छेद आहेत, दोन दिवसांच्या अंतराने, आणि दोन्ही बरोबर.

31 जुलै

बोट अकराला येणार. तंबू आवरले, तार गुंडाळली, फटाके मोजून परत डब्यात. कचरा, अगदी चहाच्या पिशव्यासुद्धा, आमच्याबरोबर. हातात तासभर होता, म्हणून फ्रेडहाइमच्या पायरीजवळ बसून मी लॅपटॉपवर कच्चा नकाशा उघडला. एक मीटरच्या अंतराने समोच्च रेषा, पांढऱ्या भागात पहिल्यांदाच. नदीची रेषा निळ्या रंगात सलग काढली होती, ती तुटक केली. शेजारी लहान अक्षरांत तारीख टाकली, 30 जुलै. मग वेळही टाकली, पहाटे चार वाजून दहा मिनिटं.

बाईंनी वाकून बघितलं आणि विचारलं, उंच्या वजा केल्यास ना.